रेडिओचं स्मरणभाषण

बाईंच्या स्मरणसभेत नटवर्य बोलणार आहेत आणि प्रॉम्प्टिंगला त्यांना तूच हवीस, असा निरोप आला तेव्हा कुजबुज इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी केली, नाहीतर नवऱ्याचा पांढरा कोट हकनाक जळाला असता, आणि फोनवर शांतपणे म्हणाली, "येते की. बाईंसाठी नाही येणार तर कुणासाठी येणार?"

फोन ठेवल्यावर तिला इतका आनंद झाला, की तिने कोटाच्या बाह्यांनाही इस्त्री केली. एरवी ती बाह्या देवाच्या भरवशावर सोडायची.

कुजबुज हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हतं. खरं नाव सरकारी कागदांवर होतं आणि तिथे सुखात होतं. नाटकवाल्यांनी तिला हे नाव दिलं, कारण सव्वीस वर्षं ती विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या पडद्याआड, स्टुलावर बसून वाक्य विसरलेल्या नटांना त्यांचं वाक्य पोचवत आली होती. आली होती ती नटी व्हायला. पण तिचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही जायचा नाही. बाकीची मुलं हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिला खोलीच्या एका टोकाला उभं केलं, स्वतः एकेक पाऊल मागे गेल्या आणि जमिनीवर खडूने रेघ मारली.

"सहा पावलं," बाई म्हणाल्या. "हिचा आवाज सहा पावलांवर स्वच्छ ऐकू येतो आणि सातव्यावर मरतो. लोक असा आवाज कमवायला आयुष्य घालवतात. उद्यापासून तू विंगेत बसायचं."

रडवेल्या मुलीची अशी समजूत घालणारं माणूस कुजबुजने नंतर पुन्हा पाहिलं नाही. समजूतही घातली नव्हती म्हणा, फक्त मोजमाप सांगितलं होतं.

बाईंची खोली धुलाईच्या कारखान्यावर, दुसऱ्या मजल्यावर होती. खालच्या यंत्रांमुळे थंडीतही फरशी कोमट असायची आणि सगळ्या नटांच्या कपड्यांना साबणाचा वास यायचा. खिडक्या चार, त्यातली एक न उघडणारी. दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. चाळीस वर्षं नव्हतं. "नाटक चोरायला कोण येणार?" बाई म्हणायच्या. "आलाच कुणी, तर बसवून ठेवा त्याला. मला नट कमी पडतात." त्यामुळे कुणीही कधीही यायचं, दार ढकलायचं आणि तालीम करायची.

प्रॉम्प्टरचे नियम बाईंनी तिला तिथेच शिकवले. नियम दोनच होते. पहिला मोजण्याचा. "नट थांबला की लगेच वाक्य फेकू नकोस. तीनपर्यंत मोज. एकला तो अभिनय करत असतो. दोनला विचार करत असतो. तीनला बुडत असतो. तेव्हा हात द्यायचा." दुसरा नियम त्याहून अवघड. "तो तुझ्याशी कसा वागला, माणूस म्हणून किती नालायक आहे, ते सगळं घरी. रंगमंचावर नटाला पडू द्यायचं नाही. कुणालाही. कधीही."

कुजबुजने हे दोन्ही नियम सव्वीस वर्षं पाळले, आणि त्यातली बरीचशी वर्षं ज्याच्यावर खर्ची पडली, तो म्हणजे नटवर्य.

नटवर्य तिच्याच वर्गातले. तेव्हा ते नटवर्य नव्हते, अरे-तुरेतले होते. बाई त्यांना रेडिओ म्हणायच्या. पाठांतर म्हणजे हमाली, असं त्यांचं पहिल्यापासून मत होतं. विंगेतून वाक्य यायचं, ते कानात शिरायचं आणि डोक्याला वळसा घालून थेट तोंडातून बाहेर पडायचं. पण असं काही भिजून, थरथरून बाहेर पडायचं, की ऐकणाऱ्याने रुमाल शोधावा. "स्टेशन लावा, वाजतो," बाई म्हणायच्या. "काय वाजतंय ते रेडिओला विचारू नका."

एकदा म्हाताऱ्या राजाच्या मृत्यूचा प्रवेश चालला होता. मागून वारा येत होता म्हणून कुजबुजने लाइटवाल्या काकांना सांगितलं, "मागची खिडकी लावा." मरणाऱ्या राजाने हात उंचावला आणि अख्ख्या नाट्यगृहाला सांगितलं, "मागची... खिडकी... लावा." तिसऱ्या रांगेतले एक आजोबा हमसून रडले. दुसऱ्या दिवशी समीक्षकाने लिहिलं, की मागची खिडकी म्हणजे राजाचा भूतकाळ. पुढचे सत्तर प्रयोग ते वाक्य ठेवावं लागलं.

बाई हे आठवून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. रेडिओवर त्यांचा जीव होता. नालायक मुलावर आईचा असतो तसा.

तीन वर्षांपूर्वी, ती खोली ज्या नाट्यसंस्थेची होती तिच्या समितीचे रेडिओ अध्यक्ष झाले, आणि महिन्याभरात बाईंना एक पत्र आलं. बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून वाचायला कुजबुज.

"'आपल्या वयाचा विचार करून समितीने आपणास विश्रांती देण्याचे ठरविले आहे. खोलीला कुलूप लावण्यात आले आहे. आपले सामान जिन्यात ठेवण्यात आले असून ते सोमवारपर्यंत न्यावे.'" कुजबुजचा आवाज सहाव्या पावलाच्याही अलीकडे मेला. खाली सही रेडिओची होती.

बाईंनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाल्या, "परत वाच. घाई करू नकोस. कुलपाच्या वाक्यानंतर थांब, तिथे श्वास हवा."

तिने परत वाचलं. बाईंनी चार वेळा वाचायला लावलं, तालमीत लावायच्या तसंच. चौथ्या वेळेनंतर मान हलवली. "नाही. उभं राहत नाही हे. हे बोलणारा माणूसच दिसत नाही यात. कुलूप लावलं कुणी? भुताने?"

त्याहून जास्त त्या कधी बोलल्या नाहीत. सोमवारी दोघींनी जिन्यातून सामान आणलं. तीन खोकी, खडूचा डबा आणि एक पाय आखूड असलेलं प्रॉम्प्टरचं स्टूल. पुढची दोन वर्षं बाईंनी स्वतःच्या स्वयंपाकघरात मुलांना शिकवलं. ओट्याजवळ राजा, फ्रीजजवळ प्रधान. मग त्या गेल्या. संस्थेच्या माहितीपत्रकात छापून आलं, की बाई स्वेच्छेने निवृत्त झाल्या होत्या.

कुजबुजने मात्र डूख धरला. पत्र आल्या दिवसापासून तिने रेडिओचं काम सोडलं. ते पत्र तिला चार वाचनांत पाठ झालं होतं आणि रोज भांडी घासताना ते आपोआप म्हटलं जायचं. तिच्याशिवाय रेडिओंनी एकदा कानात यंत्र लावून पाहिलं. त्यात कुठल्याशा टॅक्सीवाल्याचं बोलणं मिसळलं आणि त्यांनी भर दरबारात प्रधानाला सांगितलं, की दोन सवाऱ्या आहेत, स्टेशनला सोडून येतो. त्यानंतर त्यांनी नाटक सोडून मालिका धरल्या. तिथे तुकड्यातुकड्याने बोललं तरी चालतं.

आणि आता बाईंना जाऊन वर्ष होत होतं, आणि रेडिओ स्मरणभाषण करणार होते. वीस मिनिटं, कागद न बघता, अगदी मनापासून.

"काय ठरवलंयस?" नवऱ्याने संध्याकाळी विचारलं. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. या घरातल्या दोघांचंही पोट दुसऱ्यांच्या तोंडावर चालतं, असं तो पाहुण्यांना हटकून सांगायचा.

"गप्प बसायचं ठरवलंय."

"तू?"

"विंगेत. तो थांबेल, माझ्याकडे बघेल, आणि मी गप्प. सहाशे लोकांसमोर तोंडघशी पडेल."

"हां, विंगेत. मग ठीक आहे. घरात काही जमलं नसतं." त्याने हातातला खालचा जबडा दिव्यासमोर धरला. "बाईंना आवडलं असतं?"

"बाई नाहीत आता."

"म्हणून तर तुला विचारतोय. असत्या तर त्यांनाच विचारलं असतं."

"तू तुझे दात बघ."

"बघतोय. कुणावर दात धरायचा तर माप नीट घेऊन धरावा. सैल बसला तर आपल्याच घशात जातो."

सभेच्या दिवशी कुजबुज बाईंचं स्टूल घेऊन पाच वाजता नाट्यगृहात पोचली. रंगमंचावर बाईंचा मोठा फोटो, पुढे पांढरी फुलं. फोटोतल्या बाई कुणावर तरी वैतागलेल्या होत्या. तो फोटो तालमीतला असणार.

मेकअपच्या खोलीत रेडिओ आरशासमोर बसले होते. "डोळ्यांखाली थोडं आणखी काळं कर," ते मेकअपवाल्याला सांगत होते. "रात्रभर झोप लागलेली नाही, असं दिसलं पाहिजे."

"झोपला नाहीत का साहेब?"

"झोपलो रे. म्हणून तर तुझी गरज." मग आरशात त्यांना कुजबुज दिसली आणि त्यांनी दोन्ही हात पसरले. "ताई. मला माहीत होतं तू येणार. तुझ्याशिवाय मी मुका आहे गं."

"माहितेय मला," कुजबुज म्हणाली. "भाषण द्या."

सहा टंकलेली पानं होती. एका जाहिरात कंपनीतल्या लेखकाने लिहिलेली, आणि चांगली लिहिलेली. तिने उभ्याउभ्याच वाचली. पाच पानं बाईंचा मायेचा हात, बाईंची करडी नजर, बाई आणि मी. सहाव्या पानावर चावी होती. चावी उंच धरायची आणि म्हणायचं: ही बाईंच्या खोलीची चावी, त्यांनी अखेरच्या दिवसांत माझ्या हाती सोपवली. त्या खोलीत माझ्या नावाची अभिनय अकादमी सुरू होत आहे. हीच बाईंची अंतिम इच्छा.

"ही चावी कुठली?" तिने विचारलं.

"खोलीचीच आहे. खरी आहे." त्यांनी खिशातून काढून दाखवली. "खोटी वस्तू मी रंगमंचावर वापरत नाही. बाईंचीच शिकवण."

कुजबुजने पानं नीट जुळवली. पहिल्या पानालाच गप्प बसायचं तिने ठरवलं होतं. तो बेत तिने बदलला. आता पाच पानं व्यवस्थित द्यायची, शिडीवर अगदी वरच्या पायरीपर्यंत चढवायचं, आणि सहाव्या पानाला शिडी काढून घ्यायची. माणूस उंचावरून पडला की आवाज मोठा येतो.

सहाला घंटा झाली. पाच पानं सुरेख गेली. कुजबुज वाक्य द्यायची, रेडिओ अर्धा क्षण डोळे मिटायचे, जणू आठवणीच्या डोहात बुडी मारताहेत, आणि वाक्य घेऊन वर यायचे. पहिल्या रांगेतल्या बायकांनी रुमाल काढले. शेवटच्या रांगेतला पुरुष नाक ओढत होता. स्वतः कुजबुजलाही दोनदा भरून आलं आणि त्यामुळे तिचा राग दुप्पट झाला.

रेडिओंनी खिशातून चावी काढली. उंच धरली. लाइटवाल्या काकांनी तिच्यावर प्रकाश टाकला.

"ही चावी..." ते म्हणाले आणि डोळे मिटून थांबले.

एक.

दोन.

तीन. कुजबुजने ओठ आवळले.

चार. रेडिओंनी डोळे उघडले आणि विंगेकडे पाहिलं. तिने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. त्यांना कळलं. त्यांच्या कपाळावर घाम आला आणि डाव्या हाताची बोटं पँटच्या शिवणीवर घासायला लागली. एकोणीस वर्षांचा असताना, बाईंच्या खोलीत, पहिल्यांदा उभा केला तेव्हा हा मुलगा अशीच शिवण घासत होता. बाई खडू घेऊन समोर उभ्या होत्या आणि कुजबुजला म्हणाल्या होत्या, "बुडतोय तो. बघत काय बसलीस?"

पाच. कुजबुजचं तोंड उघडलं.

तिने ते उघडलं नव्हतं. एक वेळ ओठ तिचे म्हणता येतील, पण आवाज तिचा नव्हता. तो सहा पावलांचा आवाज बाईंनी घडवला होता आणि तो बाईंचंच ऐकत होता. फक्त हातातल्या सहाव्या पानावरचं खोटं त्याला उच्चारता येईना. मग जे पाठ होतं, तेच आलं.

"खोलीला कुलूप लावण्यात आलं आहे."

"खोलीला," बुडणाऱ्या रेडिओंनी झडप घातली, "कुलूप लावण्यात आलं आहे."

तिथे श्वास हवा होता. कुजबुजने तो दिला. मग बाईंचा प्रश्न तिला ऐकू आला, आणि तिने त्याचं उत्तर दिलं.

"ते मी लावलं."

"ते... मी लावलं."

शेवटच्या रांगेतल्या पुरुषाने नाक ओढायचं थांबवलं. रेडिओंना आपण काय बोललो ते एका वाक्याने उशिरा कळलं. त्यांचे डोळे विस्फारले. पण मागे फिरायचं तर स्वतःचं एक तरी वाक्य हवं होतं, आणि ते त्यांच्याकडे नव्हतं. शिवाय अशी शांतता त्यांना उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. नट ती शांतता सोडत नाही. त्यांचा कान आपणहून विंगेकडे कलला.

"बाई गेल्या नाहीत, मी त्यांना काढलं. त्यांचं सामान जिन्यात ठेवलं. सोमवारपर्यंत न्या म्हणून पत्र पाठवलं."

एकेक वाक्य रेडिओंच्या तोंडून भिजून, थरथरून बाहेर पडत होतं. समितीतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग ताबडतोब आपापल्या बुटांकडे.

"ही चावी बाईंनी मला दिलेली नाही. बाईंकडे चावी नव्हतीच. चाळीस वर्षं त्या खोलीला कुलूप नव्हतं."

कुणीतरी हुंदका दिला.

"उद्या सकाळी दहा वाजता मी ते कुलूप माझ्या हाताने काढणार आहे. खोली पूर्वीसारखी उघडी राहील. तिथे माझ्या नावाची पाटी लागणार नाही."

या शेवटच्या वाक्याला रेडिओंचा आवाज फाटला. कुजबुजने इतक्या वर्षांत त्यांचा हा आवाज कधी ऐकला नव्हता. तो अगदी खरा होता. पाटी जात होती.

त्यांनी चावी फुलांमध्ये ठेवली, कारण दुसरीकडे कुठे ठेवावी ते तिने सांगितलं नव्हतं. सहाशे माणसं उठून उभी राहिली. टाळ्या थांबेनात.

लाइटवाले काका विंगेत आले. "ताई, हे सगळं भाषणात होतं?"

"शेवटच्या पानावर," कुजबुज म्हणाली. तिने ते पान चार घड्या घालून स्टुलाच्या आखूड पायाखाली सरकवलं. स्टूल डुगडुगायचं थांबलं.

टाळ्यांतून बाहेर आलेले रेडिओ घामाने निथळत होते. डोळ्यांखालचं काळं गालांवर आलं होतं. "काय वदवून घेतलंस माझ्याकडून?"

"मी तर कुजबुजते. बोललास तू," ती म्हणाली. किती वर्षांनी तिच्या तोंडात तू आलं.

"उद्या मी सगळं नाकारीन. खुलासा करीन."

"कर. लिहून आण, देते विंगेतून."

रेडिओंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाहेर लोक त्यांच्या नावाने ओरडत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, चेहरा पुसला नाही आणि पुन्हा बाहेर गेले.

"मी पडू दिलं नाही हं," कुजबुज फोटोकडे बघत म्हणाली. विंगेतून फोटोची पाठच दिसत होती.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर रेडिओ होते. नटवर्यांची काळीज हेलावणारी कबुली. थोर गुरूचा थोर शिष्य. इतक्या प्रामाणिकपणाला या क्षेत्रात तोड नाही, असंही कुणीतरी म्हटलं होतं. नवऱ्याने चहाबरोबर सगळं मोठ्याने वाचून दाखवलं.

"म्हणजे तू सूड घेतलास, की त्याला पुरस्कार मिळवून दिलास?"

कुजबुजने कपात साखर तीनदा ढवळली, मग स्टूल उचललं आणि निघाली.

धुलाईच्या कारखान्यावरच्या जिन्यात बाईंची मुलं बसली होती, ओट्याजवळचे राजे आणि फ्रीजजवळचे प्रधान. वर दारासमोर रेडिओ, दारात बसवलेलं कुलूपच काढून टाकायला, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उभे होते. शेजारी वाहिनीची बातमीदार आणि कॅमेरा. त्यांना स्क्रू फिरेना, म्हणून लाइटवाल्या काकांनी चारही स्क्रू काढले आणि शेवटचा अर्धा आटा कॅमेऱ्यासाठी शिल्लक ठेवला. रेडिओंनी तो फिरवला. कुलूप हातात आलं. मुलांनी दार ढकललं आणि आत गेली. फरशी कोमट होती, ते त्यांच्या बूट काढायच्या घाईवरून कळलं.

"सर, या क्षणी मनात काय आहे?" बातमीदाराने माइक पुढे केला. "बाईंविषयी दोनच शब्द. आम्ही थेट प्रक्षेपण करतोय."

रेडिओंनी डोळे मिटले. मग अर्धे उघडले आणि मान किंचित डावीकडे कलती केली.

डावीकडे, बरोबर सहा पावलांवर, कुजबुज होती. तिने स्टूल खाली ठेवलं होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं. जिना होता, भिंत होती, साबणाचा वास होता. पडदा नव्हता, विंग नव्हती, घंटा झालेली नव्हती. बाईंचा नियम रंगमंचापुरता होता.

"सर?" बातमीदार म्हणाली.

रेडिओंची बोटं शिवणीवर घासायला लागली.

कुजबुजने मोजायला सुरुवात केली. तीन झाले. सात झाले. अकराला तिने पदर सावरला, स्टुलावर ऐसपैस बसली आणि पुढचे आकडे सावकाश, मधे श्वास घेत, मोजू लागली.